न थरथरणारी घडवंची

॥ श्री काळाराम प्रसन्न ॥

नाशिकरोड,
मंगळवार, ता. ११ डिसेंबर १९७९

सौ. विहीणबाई वत्सलाबाई यांना,

यशोदेचा दोन्ही हात जोडून नमस्कार. व्याहीबुवांना ह्यांचा नमस्कार सांगावा. (तो मी ह्यांना न विचारताच लिहिते आहे. हे आत्ता बाहेरच्या खोलीत वाटीभर पाण्याकडे टक लावून बसले आहेत आणि मधे कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. कारण पुढे येईल.) जावईबापूंना अनेक आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला एरंडाच्या पानांचा शेक सुरू आहे ना? भाताच्या गिरणीचा हंगाम भर आलेला, तुम्हाला टेकायलाही फुरसत नसेल, हे मी जाणून आहे. त्या हंगामापायीच तर आपण बारसं बाराव्या दिवसाऐवजी येत्या रविवारवर नेलं.

तुम्ही घोटी गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेलं गाठोडं एक तारखेलाच पोचलं, आणि पोच द्यायला मला दहा दिवस लागले ह्याची फार लाज वाटते. खारीक दोन किलो, डिंक अर्धा किलो, सुक्या खोबऱ्याच्या आठ वाट्या, अळीव, बाळंतशेपा, नवा आंबेमोहोर एक पायली, बाळाला दोन टोपडी आणि एक दुपटं, सगळं मोजून मिळालं. कंडक्टरला चहाला पन्नास पैसे आणि हमालाला एक रुपया दिला (तो दीड मागत होता, गाठोडं मीच स्टँडच्या दारापर्यंत ओढत आणलं तेव्हा एकावर आला). जिनसांच्या किमती तुम्ही कळवल्या नाहीत, तुमचा स्वभावच तसा. पण मी इथल्या वाण्याच्या भावाने धरून ब्याऐंशी रुपये वहीत मांडून ठेवले आहेत, म्हणजे बारशाच्या आहेरात आमच्याकडून कमी पडायला नको. खारीक मात्र काय टणक आहे हो! अशी खारीक मी जन्मात पाहिली नाही. लाडवाला अशीच लागते म्हणा.

आता तुमच्या पत्राकडे येते. आमच्या गोदीने बाळंतपणानंतर तीन महिने माहेरी राहायचं असं आपलं ठरलं होतं. जावईबापू गेल्या बुधवारी येऊन गेले, बाळ दचकून रडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि काल तुमचं पत्र आलं, की देवळालीच्या लष्करी सरावाच्या तोफांनी लेकरू असं घाबरत असेल तर बारसं उरकून त्याच गाडीने मायलेकरांना घोटीला घेऊन येतो. विहीणबाई, पत्र मी तीनदा वाचलं. एकुलती एक लेक, पहिला नातू, आणि पंचविसाव्या दिवशी पाळण्याच्या दोऱ्या सोडायच्या! तरी तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमच्या जागी मी असते तर पत्र न पाठवता स्वतःच आले असते. म्हणून ठरवलं, की आमच्या घरात काय घडलं ते काही न लपवता लिहायचं, आणि मग तुम्हीच ठरवा. वाचून तुम्हाला धक्का बसेल. मला तो बसून चोवीस तास होत आले, अजून सावरले नाही. (अक्षर त्यामुळे असं आलंय. एरवी माझं अक्षर वळणदार आहे. मॅट्रिकला मराठीच्या मास्तरांनी माझी वही वर्गात फिरवली होती.)

सगळ्याची सुरुवात ह्यांच्या निवृत्तीपासून झाली. जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले, तेव्हा जूनमध्ये मोकळे झाल्यावर हाताला पेन्सिल नाही म्हणून बेचैन असायचे. दसऱ्यानंतर देवळाली कॅम्पातल्या एका कॅप्टनसाहेबांची बदली झाली, त्यांच्या घरचं सामान विकायला निघालं, आणि हे भाजीची पिशवी घेऊन गेलेले गृहस्थ टांग्यात मांडीवर रेकॉर्ड प्लेअर घेऊन परत आले. दोनशे पंचाहत्तर रुपये! सोबत अकरा तबकड्या, त्यांतल्या दहा इंग्रजी. एक तेवढी अभंगांची, तिच्यावरचा कागद झिजलेला, त्यामुळे गाणारी बाई कोण ते कळत नाही. पिशवीत भाजी नव्हतीच. मी त्या दिवशी पिठलं केलं.

पण खरी कटकट पुढेच. तबकडी लावली की सुई मधेच उडी मारायची. ती बिचारी बाई सुरेख गात गात यायची आणि एका शब्दावर अडकायची. देवाच्या नावावर अडकली असती तर निदान आमच्या पदरात पुण्य पडलं असतं, पण ती नेमकी "परंतु" ह्या शब्दावर अडकायची. परंतु परंतु परंतु परंतु. वरच्या मजल्यावरच्या नवसाबाईंनी जिन्यातून विचारलं, "यशोदाताई, पुढे काय म्हणते हो ती? चार दिवस झाले, आमचा जीव टांगणीला लागलाय." ह्यांना ते फार लागलं. कॅप्टनसाहेबांनी सोबत एक इंग्रजी मासिकही दिलं होतं, त्यात असं लिहिलं होतं म्हणे की जमीन हादरते म्हणून सुई उडते, आणि उपाय म्हणून प्लेअरखाली जड, न हलणारी घडवंची करावी. (हे तिला स्टँड म्हणतात. चार पाय आणि वर फळी, तिला आमच्याकडे घडवंची म्हणतात, मग ती कितीही इंग्रजी असो.) झालं! हातात पुन्हा पेन्सिल आली.

पहिले पंधरा दिवस ह्यांनी नुसता शोध घेतला की आमच्या घरात काय काय हादरतं. स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी घ्यायचं, ती जमिनीवर ठेवायची, आणि समोर पालथं पडून बघायचं. मालगाडी गेली की पाण्यावर रेघा उठतात. एस.टी. गेली की उठतात. तोफा सुटल्या की उठतात. नवसाबाई जिना उतरल्या की उठतात. (हे मी त्यांना सांगितलेलं नाही.) सगळं तारीखवार एका वहीत. मला वाटलं, माझ्या हिशेबाच्या वहीला नावं ठेवणारा माणूस आता वाटीतल्या पाण्याचा हिशेब ठेवतोय, ठेवू दे.

मग घडवंचीचं काम. खाली रबरी चेंडू अर्धे कापून चार पायांना चार. (दोन चेंडू, चार अर्धी, नासाडी नाही, एवढं बरं.) त्यावर सागवानी फळी. फळीवर सायकलच्या दोन जुन्या ट्यूबा, अर्ध्याच हवा भरलेल्या. त्यावर पत्र्याची पसरट पेटी, आणि पेटीत गोदावरीची वाळू, माझ्या पिठाच्या चाळणीने चाळलेली! चाळणी मी तीनदा धुतली, तरी पुढे आठ दिवस पोळी दाताखाली कचकचत होती आणि हे म्हणत होते, "गिरणीवाल्याने जात्याच्या दगडांना नवी टाकी लावलीय वाटतं." एवढं करूनही सुई उडायचीच. वर वजन हवं, हे म्हणाले. मी मुक्तिधामच्या देवळात जाऊन येईतो वजन ह्यांना सापडलं होतं. विहीणबाई, माझा पाटा! माझ्या आईने लग्नात दिलेला, सत्तावीस वर्षं हळदीकुंकवाचा, दर दिवाळीला पुजलेला काळ्या दगडाचा पाटा त्या वाळूच्या पेटीत पालथा! आणि त्यावर कॅप्टनसाहेबांचा रेकॉर्ड प्लेअर. वरवंटा एकटा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, बायको हरवल्यासारखा उभा. मी म्हटलं, "अहो, मी चटणी कशावर वाटू?" तर म्हणतात, "कुटत जा. खलबत्ता आहे की." आहेच. सासूबाईंचा, लोखंडी, उचलायला दोघं लागतात असा. तेव्हापासून चटणी, मसाला, खोबरं, जे आहे ते स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून कुटते आहे. माझे खांदे आता पैलवानासारखे झालेत.

एक गोष्ट मात्र खरी लिहायला हवी, नाहीतर देवाला तोंड दाखवता येणार नाही. पाटा ठेवल्यावर ह्यांनी अभंगाची तबकडी लावली, आणि ती बाई "परंतु"वरून पुढे गेली. सरळ शेवटापर्यंत गेली. आणि मधे एका ठिकाणी, ती श्वास घेते ना, तिथे बारीक किणकिण ऐकू आली. मी चमकून स्वतःच्या हातांकडे पाहिलं. माझ्या बांगड्या नव्हत्या वाजल्या. तिच्या होत्या! कोण कुठली बाई, कधी गायलेली, आज आहे की नाही ठाऊक नाही, आणि तिच्या काचेच्या बांगड्या आमच्या नाशिकरोडच्या खोलीत वाजल्या. माझ्या अंगावर काटा आला. मी उठून ह्यांच्यासाठी चहा ठेवला. (साखर नेहमीचीच.)

एवढ्यात गोदीचं बाळंतपण झालं, पाचव्या दिवशी मायलेकरं दवाखान्यातून घरी आली, आणि पहिला आठवडाभर बाळ असं शांत, की नवसाबाई म्हणाल्या, "अहो, रडतं की नाही? चिमटा काढून बघा." मग तीन तारखेच्या सोमवारपासून ते दचकणं सुरू झालं. झोपेत दोन्ही मुठी वर, ओठ थरथर, आणि मग जो टाहो! हे ताबडतोब म्हणाले, "तोफा." आणि तोफा सुटायची वेळ तरी बघा हो! मी जेवणं आटोपून, ओटा पुसून, तुमची खारीक कुटायला बसले रे बसले की बाळ दचकलंच. कुटण्याच्या आवाजात मला तोफ कधी ऐकू आली नाही, पण त्याला बरोबर कळते. (कान तिखट आहेत, तुमच्या घराण्यातून आलं असावं.) मी बत्ता टाकून धावायचे, मांडीवर घ्यायचे, अंगारा लावायचे, तोवर तोफा थांबलेल्या. परत येऊन चार खारका कुटल्या की परत तोफ. आठ दिवसांत दोन किलोंपैकी जेमतेम अर्धा किलो खारीक कुटून झाली आहे, ह्यावरून लष्कराने आमचा किती छळ मांडलाय ते समजून घ्या.

आता कालचं. तुमचं पत्र वाचून झालं, डोळे पुसले, म्हटलं निदान लाडू तरी सोबत द्यायला व्हावेत, म्हणून हट्टाने कुटायला बसले. दहा खारका झाल्या, वीस झाल्या. बाळ रडलं नाही. मला आधी बरं वाटलं, मग भीती वाटली. तशीच बत्ता हातात घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. प्लेअर जमिनीवर काढून ठेवलेला. आणि घडवंचीवर, विहीणबाई, कसं लिहू! पाट्यावर चौघडी घातलेली गोधडी, चारी बाजूंनी उशा, आणि मधे आपला नातू गाढ झोपलेला. एका बाजूला हे, त्याच्या पोटावर हात ठेवून, दुसऱ्या हाताने उशाशी पाण्याची वाटी धरून. आणि आमची लेक शेजारी गादीवर बसून आरामात बाळंतशेपा चावतेय!

मी अशी ओरडले की नवसाबाई जिन्यावरून खाली आल्या. "पाट्यावर? माझ्या नातवाला? वाटायच्या पाट्यावर?"

"हळू," हे म्हणाले. "वाटीत बघ. पाण्यावर रेघ उठत नाही."

"आई, ओरडू नकोस," गोदी म्हणाली, "तूच उठवशील त्याला. गेले आठ दिवस तो असा झोपला नव्हता."

नवसाबाईंनी दारातून पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "काय हो भाऊसाहेब, नातवाला बारीक वाटणार की जाडसर?"

मला हसू आलं नाही. बारशाला आपण वरवंट्याला टोपडं घालतो, बाळ म्हणून त्याला आधी पाळण्यात घालतो, मग बाळाला. दगडाला बाळाच्या जागी ठेवायची रीत माझ्या आईने, आजीने शिकवली. बाळाला दगडाच्या जागी ठेवायची रीत मी कुणाच्या घरी पाहिली नाही, ऐकली नाही. मी तिथल्या तिथे पाट्याला हळदकुंकू वाहिलं (बाळाच्या पायाशी थोडं सांडलं, टोपड्याला डाग पडला आहे, तुम्ही पाठवलेल्या नव्हे, दुसऱ्या) आणि हात जोडून म्हटलं, आई, चुकलं असेल तर दोष माझ्या पदरात घाल, ह्याला सांभाळ. मग गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन कुटायला काढून ठेवलेली वाटीभर खारीक कुटली. बाळ दोन तास झोपलं.

असं आहे. हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की तोफांपुढे आमचा इलाज चालत नसला तरी आता घरात अशी एक हातभर जागा आहे जिथे तोफ पोचत नाही. पुढचा निर्णय तुमचा आणि व्याहीबुवांचा. मी एका शब्दाने आग्रह करत नाही.

तुमची,
यशोदा

ता. क. — आग्रह करत नाही असं वर लिहिलंय, ते रीत म्हणून. गोदीला ठरल्याप्रमाणे तीन महिने ठेवा हो. संक्रांतीला बोरन्हाण आपण सगळे मिळून इथेच करू, चुरमुरे आमच्याकडून.

आणखी ता. क. — रविवारी येताना तुमचा पाटा बरोबर आणावा. बारशाच्या पूजेला पाटा लागेल आणि आमचा वाळूत रुतला आहे. काढला तर घडवंची पुन्हा जमायला ह्यांना पंधरा दिवस लागतील आणि बाळाची झोप मोडेल. वरवंटा आणू नका, आमचा मोकळाच आहे.

बुधवार सकाळ. — पाकीट चिकटवलं होतं ते वाफेवर धरून उघडलं आहे, म्हणून कडा अशा. देवळालीकडच्या खेड्यातला आमचा दूधवाला बारकू आत्ता दूध घालून गेला. मी सहज म्हटलं, "बारकू, तुमच्या तोफांनी आमच्या बाळाचा जीव नकोसा केलाय रे." तर तो मापटं हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. "तोफा? मावशी, बारा दिस झालं, बंद हायेत त्या. मागल्या म्हैन्याच्या शेवटच्या शुक्करवारपास्नं. सरावाचं लाल निशाण उतरलंय, आमची गुरं तिकडंच चरत्यात. म्हैना नाय सुटायच्या आता."

तो शुक्रवार म्हणजे तीस तारीख. बाळ दचकायला लागलं ते तीन तारखेला. विहीणबाई, मी दुधाचं पातेलं तसंच ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा ह्यांची वही ह्यांना न विचारता उघडली. नकाशाच्या रेखीव अक्षरात लिहिलंय: "मालगाडी: रेघा. एस.टी.: रेघा. तोफ: किंचित. नवसाबाई, जिना: मध्यम. सौ., खलबत्ता, चटणी: जोरात. सौ., खलबत्ता, खारीक: पाणी सांडले, वाटी सरकली." आणि खाली, ता. ३ डिसेंबर: "बाळ दचकण्याचे कारण निश्चित. यास्तव पाटा परत करावा लागेल. तूर्त वाच्यता नको."

तूर्त वाच्यता नको! आठ दिवस! देवळालीच्या लष्करावर आळ घेतला, पण पाटा नाही सोडला! आणि मी, जिने त्या लेकराला अंगारे लावले, तीच त्याच्या उशाशी तोफ डागत होते! मी वही घेऊन बाहेर गेले. हे बाळाच्या पोटावर हात ठेवून बसले होते. वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "बारसं झाल्यावर सांगणारच होतो." मग म्हणाले, "पाटा काढू का?" बाळाने झोपेतच जांभई दिली. मी म्हटलं, "हात तरी लावून बघा."

तेव्हा शेवटचं. जावईबापूंनी पाहिलेलं दचकणं तोफांचं नव्हतं, माझं होतं, हे तुमच्याशिवाय कुणाला कळू नये. व्याहीबुवांना तर नकोच. मी कुटणं बंद केलं आहे. उरलेली दीड किलो खारीक आजच्या घोटी गाडीच्या कंडक्टरकडे ह्या पत्राबरोबर देते आहे (पुन्हा पन्नास पैसे). ती कुटून रविवारी घेऊन यावी. तुमच्याकडे गिरणी चालू असते, कुणाच्या लक्षातही येणार नाही. गोदीला ठेवायचं कबूल असेल तर फार लिहायचे कष्ट घेऊ नका, कार्डावर "पाटा आणते" एवढे दोन शब्द पुरेत, मी समजेन. पण ते कार्ड कृपा करून उलट टपाली टाका. इथे आम्ही तिघंही वाटीकडे बघत बसलो आहोत.